डोळ्यातला शेंदूर

आमच्या गावात कीर्तन रंगलं की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण होती. बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत, खांबाला टेकून बसलेल्या फुलवंताकडे पाहायचं. तिचा पदर डोळ्याला लागला असेल तर रंगलं. फुलवंता माझी बायको. मी टाळकऱ्यांच्या मागे पेटीवर बसतो, त्यामुळे मला ती अगदी समोर दिसते. दुलीचंद महाराज दरवर्षी पौषात आमच्याकडे सप्ताहाला येतात. तेसुद्धा वीणा गळ्यात घालता घालता विचारायचे, "फुलवंताबाई आल्या का जी? मग करू सुरू."

प्रल्हादाला कड्यावरून लोटलं की ती रडे, ध्रुवाला मांडीवरून उतरवलं की रडे. सुदाम्याच्या कथेत तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी एकदा म्हटलं, "अवो, त्याले शेवटी सोन्याचं घर भेटते. तू कायले रडतेस?"

तर म्हणाली, "पोहे किती थोडे होते बिचाऱ्याचे."

अशा बाईचे डोळे लाल झाले आणि सारखं पाणी गळायला लागलं, तर कोण मनावर घेणार? धानाची रोवणी चालू होती. मी म्हटलं, चिखल उडाला असेल. माझा मोठा भाऊ उदेभान, मारुतीच्या देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, तो बांधावरून ओरडला, "काय वो फुलवंता, कीर्तन नाई तरी रडून राहिली का?" सगळ्या बाया हसल्या, तीही हसली. औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली. थेंब टाकले की लाली उतरायची, बाटली संपली की परत चढायची. मग दुसरी बाटली. असा पावसाळा गेला.

आमचं गाव गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाला लागून आहे. विमान शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. नवखा पाहुणा वर पाहतो, आम्ही पाहत नाही. दसरा झाल्यावर एका दुपारी फुलवंता अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसली होती आणि उन्हानं एक डोळा मिटून वर पाहत होती.

"अजी, हे विमान मधातच गायब होते आन् पुढं जाऊन निघते."

"ढगात जात असंल."

"ढग कोठी आहे? पाहा ना."

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी तिला एकेक डोळा झाकून पाहायला सांगितलं. उजवा झाकला की विमान अख्खं जायचं. डावा झाकला की आभाळाच्या मधोमध ते कुठेतरी बुडायचं आणि पलीकडून वर यायचं. तिनं तीन-चार विमानं पाहिली. मग डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हे रडण्याचं नाई जी."

गोंदियाच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी दिव्याच्या यंत्राला तिची हनुवटी टेकवली आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ये ड्रॉप किसने दिया?" मी दुकानाचं सांगितलं. ते म्हणाले, "याने बाहेरची लाली जाते. सूज आत आहे, मागच्या पडद्याजवळ. ती वाढतच राहिली. नागपूरला जा, आणि भाताची कापणी होऊ द्या वगैरे काही म्हणू नका."

मी तेच म्हणणार होतो.

नागपूरला आम्हाला भेटल्या त्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या सुनेएवढ्या. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या. हातात पिवळ्या रंगाचं इंजेक्शन देऊन आतले फोटो काढले. फुलवंता तासभर हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी दिसत होती. मॅडमनी फोटो मला कॉम्प्युटरवर दाखवला. केशरी रंगाची थाळी, आणि तिच्यावर वाकडेतिकडे फिकट डाग. डागाची कड ताजी होती, मधला भाग विझलेला.

राइस मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगाला आग लागते ना, ती भडकत नाही. मधे काळं पडत जातं आणि कड गुपचूप पुढे सरकते. मला ते तसंच वाटलं, आणि मी तसं म्हणालोही.

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "आणि उजव्या डोळ्यात ही कड नजरेच्या मध्यबिंदूजवळ पोचली आहे. डाव्यात लहानसा डाग आत्ताच सुरू झालाय." मग त्या फुलवंताकडे वळल्या. "तुमच्या घरात कधी कोणाला टीबी झाला होता?"

"माह्या बापाले. मीच त्याले पेज पाजत होती. पन त्या गोष्टीले लई वर्सं झाली. माहं लगनबी नव्हतं झालं."

"जंतू शरीरात इतकी वर्षं झोपून राहू शकतो."

मी मधेच बोललो, "मॅडम, हिला खोकला नाही, ताप नाही. धानाचा भारा अजून डोक्यावर नेते."

"डोळ्याच्या टीबीत बहुतेकांना खोकला नसतोच. बाकी तब्येत ठणठणीत, आणि डोळा बिघडतो."

मग तपासण्या सुरू झाल्या. छातीचा फोटो निघाला. रक्त काढलं, कारण असे डाग पाडणारे आणखी दोन-तीन रोग असतात, ते नाहीत ना हे पाहायचं होतं. हाताच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई टोचून तिच्याभोवती पेनानं गोल काढला. दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं, तोवर खाजवायचं नाही. दोन दिवसांनी त्या गोलात चिंचोक्याहून मोठी गाठ उठली होती. नर्सनं लाली पाहिलीच नाही. डोळे मिटल्यासारखे करून बोटानं गाठीची कड चाचपली आणि पट्टी लावली. छातीच्या फोटोत जुन्या, वाळलेल्या गाठी निघाल्या. बाकी रोगांचे रिपोर्ट कोरे आले.

"म्हणजे टीबीच, पक्कं?" मी विचारलं.

मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. "शंभर टक्के पक्कं सांगायचं तर डोळ्याच्या आतला तुकडा काढून तपासावा लागेल, आणि तो काढताना डोळाच जाईल. म्हणून आम्ही बाहेरून पुरावे जमवतो. डाग टीबीचे असतात तसे आहेत, हात टीबी म्हणतोय, छाती टीबी म्हणतेय, दुसरा कोणी आरोपी सापडत नाही. आता औषध दिलं नाही तर उजवा डोळा मधून जाईल आणि डावा त्याच्या मागून. दिलं तर गेलेलं सगळं परत येणार नाही, पण आहे ते राहील."

फुलवंतानं एकच विचारलं, "माह्या नातवाले तर नाई लागनार?"

"डोळ्यातला टीबी कोणाला लागत नाही. नातवाला मांडीवर घ्या."

औषध सरकारी होतं आणि ते गावातच मिळणार होतं. विटकरी रंगाच्या गोळ्या, रोज सकाळी उपाशीपोटी. सूज उतरायच्या गोळ्या वेगळ्या. त्या हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद केल्या तर धोका. मग मॅडम म्हणाल्या, "यातलं एक औषध क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास देतं. तसं झालं तर आधी लाल रंग फिका पडतो. म्हणून रोज एकच लाल वस्तू, एकाच जागी, आधी एक डोळा झाकून पाहायची, मग दुसरा. फिकी वाटली की लगेच फोन."

"मारुती चालंल का?" फुलवंतानं विचारलं.

"लाल आहे?"

"शेंदरी."

मॅडमना हसू आलं. "चालेल. आणि डोळा पदरानं पुसू नका. स्वच्छ, पांढरं सुती कापड ठेवा."

गावातल्या आशा सेविका सुशिलाबाई गोळ्या आणून द्यायच्या. त्यांनी फुलवंताला बाजूला घेऊन सांगितलं की लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरायचं नाही. तसं झालं, आणि कोणी घाबरलं नाही. फुलवंता रोज आंघोळ करून, गोळ्या घेऊन, देवळात मारुतीसमोर उभी राहायची. उजवा डोळा हातानं झाकायची, मग डावा. घरी परतली की मी पेटी पुसता पुसता विचारायचो, "कोनता रंग दिसला?"

"शेंदरीच. तुमचं डोस्कं फिरलं का जी रोज पुसता?"

डोळ्यांतलं गळणारं पाणी आठ दिवसांत थांबलं, आणि महिनाभरात विमानाची बुडण्याची जागा लहान झाली. आधी सगळं विमान जायचं, आता शेपूट तेवढी दिसेनाशी व्हायची.

आणि पौष आला. सप्ताह बसला. उजेड सोसत नव्हता म्हणून फुलवंता काळा चष्मा लावून खांबाजवळ बसली. "सिनेमाची बाई आली वो," असं कोणीतरी म्हणालंच. पहिल्या दोन रात्री ती मुद्दाम रडली नाही. डोळ्याला त्रास होईल या धाकानं. तिसऱ्या रात्री महाराजांनी कृष्ण मथुरेला निघाल्याचं लावलं. यशोदा रथाचं चाक धरून बसली आहे आणि म्हणते आहे, लोण्याचा गोळा तरी घेऊन जा रे. महाराजांचा आवाज तिथे असा खाली येतो की पेटीचा भाता मी आपोआप हळू करतो. फुलवंतानं चष्मा काढला आणि पांढरा रुमाल डोळ्यांना लावला.

तिच्या बाजूला रिंकूची आई बसली होती. ती किंचाळली, "शेंदूर! अवो, डोऱ्यातून शेंदूर येऊन राहिला!"

टाळ थांबले. रुमालावर खरंच दोन नारिंगी डाग होते. आधी एवढ्या वर्षांत ती रंगीत पदराला डोळे पुसायची, त्यामुळे कोणाला काही दिसलं नसतं. आज पांढरं कापड होतं, मारुतीचं देऊळ होतं, आणि रंगही हुबेहूब तोच. त्यातून सगळ्या गावानं तिला दोन महिने रोज मारुतीपुढे एकेक डोळा झाकून उभी राहिलेली पाहिलं होतं. तो नवसच, असं सगळ्यांना वाटत होतं. आता नवस फळला. म्हाताऱ्या बाया तिच्या पाया पडल्या. फुलवंता घाबरून माझ्याकडे पाहत होती. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला होता.

सकाळी अंगणात नारळ आले. उदेभान दादा खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, "नंदलाल, आता गोळ्या कायले? देवानं हात घातला आन् तुमी वरून गोळ्या खाता? हा भरवसा झाला का?"

माझी सून तुलसा दारातून म्हणाली, "मोठे बाबूजी, रगत असंल तर? डॉक्टरले पुसू."

"रगत असो का शेंदूर, गोळीच बंद करा. रगत असंल तर गोळीची गरमी हाय. शेंदूर असंल तर गोळीचं काम नाई." दादाच्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येत होत्या.

मी नागपूरला फोन लावायला घेतला तर फुलवंतानं माझा हात धरला. "राहू द्या जी. मी एवढी वर्सं त्याच्यासाठी रडली. एकदा त्यानं माह्यासाठी काही केलं असंल तर?"

मी फोन खाली ठेवला. तिनं गोळ्यांची सगळी पाकिटं उचलली, देवळात नेली आणि मारुतीच्या पायाशी ठेवून दिली.

त्या दिवशी गोळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मला झोप येईना. कोंड्याची कड डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी विचारायचो, "कसं दिसते?" ती म्हणायची, "तसंच." आणि तिच्या पाया पडायला बायकांची रांग लागलेली असायची, कोणाचं पोर, कोणाची म्हैस, कोणाचं कोर्टाचं काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुलसा बोअरिंगवर कपडे धूत होती. ती ओले हात तशीच घेऊन घरात आली. तिच्या हातात फुलवंताचं पांढरं पोलकं होतं.

"आई, रागावू नका. हे पाहा."

पोलक्याच्या दोन्ही काखांत नारिंगी डाग होते. रुमालावरचे होते तेच.

"मी महिन्यापासून घासून राहिली, निघतच नाई. साडीचा रंग लागला म्हनून गप बसली. आता पाहिलं तर तोच शेंदूर." तुलसानं पोलकं उलटंसुलटं केलं. "मारुतीराया काखेतबी बसते का वो आई?"

मला हसू फुटलं आणि मी ते गिळलं, कारण फुलवंता हसत नव्हती. ती पोलकं हातात घेऊन चुलीजवळ बसली.

तेवढ्यात सुशिलाबाई आल्या. गावभर बोभाटा ऐकून त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं होतं. "मले लघवीचंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "मी तेवढंच तुमाले सांगितलं. घाम, थुंकी, डोऱ्याचं पानी, सगळंच रंगते म्हने. औषध अंगात फिरून राहिलं त्याची खूण आहे. त्यानं डोऱ्याले काही होत नाई. पन गोळी बंद केली त्यानं होईल."

फुलवंतानं पोलक्याची घडी घातली. मग म्हणाली, "म्हनजे त्यानं काही नाई केलं."

सुशिलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तुलसा परत कपडे धुवायला गेली, पण बराच वेळ आपटण्याचा आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी देवळात जागा नव्हती. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. उदेभान दादानं हार आणून ठेवला होता, फुलवंताच्या गळ्यात घालायला. महाराज वीणा घेऊन उभे राहिले आणि नेहमीसारखं म्हणाले, "फुलवंताबाई आल्या का जी?"

ती उठली. हाराकडे न जाता सरळ गाभाऱ्याकडे गेली. मारुतीच्या पायाशी नारळांखाली गोळ्यांची पाकिटं तेलानं माखून पडली होती. तिनं ती उचलली आणि पदरानं पुसायला लागली.

"हे काय करून राहिली?" दादा ओरडला. "देवाले वाहिलेलं परत घेतेस?"

फुलवंता माणसांसमोर, त्यातून थोरल्या दिरापुढे, कधी बोललेली नव्हती. आज बोलली. "भासरे, तो शेंदूर नाई. गोळीचा रंग आहे. डोऱ्यातून येते, घामातून येते. माह्या पोलक्याच्या काखेतबी आहे. सुनेले पुसा."

मग बायकांच्या बाजूनं खुसखुस सुरू झाली, आणि रिंकूची आईच सगळ्यांत मोठ्यानं हसली. दादा हार हातात घेऊन तसाच उभा राहिला. "तरीबी," तो म्हणाला, "वाहिलं ते वाहिलं."

फुलवंता महाराजांकडे वळली. "महाराज, नारळ वाहतो, फोडून परत भेटते. साखर वाहतो, परत भेटते. वाहिलेलं परत भेटते त्यालेच परसाद म्हनते ना जी?"

दुलीचंद महाराजांना मी वीस वर्षं ऐकतो आहे. हजरजबाबी माणूस. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी गळ्यातली वीणा काढली. ती माझ्याकडे दिली, गाभाऱ्यात गेले, तिच्या हातातली पाकिटं घेऊन मारुतीच्या पायाला लावली आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत परत घातली.

"घ्या बाई," ते म्हणाले. "आणि असा प्रसाद मधेच सोडायचा नसतो."

"आता नका खाऊ," मागून सुशिलाबाई ओरडल्या, "सकाळी, उपाशीपोटी! सूज उतरायची तेवढी आज घ्या, मी फोनवर इचारलं."

मग जे हसू उसळलं त्यात दादाही हसला. हार त्यानं महाराजांच्या गळ्यात घातला. कीर्तन उशिरा सुरू झालं, पण असं रंगलं की भैरवीपर्यंत एक माणूस उठला नाही. महाराजांनी उत्तररंगाला ठरवलेली कथा सोडून द्रोणागिरी लावला. मारुतीनं लक्ष्मणासाठी काय आणलं होतं, ते त्यांनी चार-चार वेळा विचारून घेतलं, आणि सगळी सभा ओरडून सांगत होती, "औषध!"

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मॅडमनी फोनवर मला चांगलंच झापलं. पुढच्या तपासणीत म्हणाल्या की नशीब चांगलं, कड पुढे गेलेली नाही. गोळ्या बरेच महिने चालल्या. मधे एक औषध कमी झालं, सुजेच्या गोळ्या अर्ध्याच्या पाव झाल्या आणि मग बंद. त्या गोळ्यांनी तोंड सुजल्यासारखं झालं होतं ते उतरलं. उजव्या डोळ्यात एक वाळलेला व्रण कायमचा राहिला. डावा स्वच्छ आहे. विमान अजून क्षणभर शेपूट लपवतं. फुलवंता म्हणते, लपवू दे, मले त्यात बसाचं थोडंच आहे. रोज सकाळी ती मारुतीपुढे उभी राहते. आता डोळा झाकायचं काम नाही, तरी सवयीनं हात वर जातो.

यंदाच्या पौषात परत सप्ताह बसला. गोळ्या संपून दोन-तीन महिने झाले होते. महाराजांनी पहिल्याच रात्री सुदामा लावला. पोह्याची पुरचुंडी निघाली आणि मी पेटीवरून समोर पाहिलं. फुलवंतानं पांढरा रुमाल डोळ्यांना लावला, खाली घेतला आणि दिव्याकडे धरून नीट पाहिला. मग गर्दीतून मला दिसेल असा वर केला.

घरी परतताना मी विचारलं, "वाईट वाटलं का वो? कोरं पाहून?"

"थोडं वाटलं," ती म्हणाली. मग चालता चालता म्हणाली, "पन पोहे दिसले जी मले आज. महाराजांनी मुठीत धरले होते ना, खरे पोहे. तेबी थोडेच होते."

आणि पुन्हा रडायला लागली.